डायलिसिसवाल्याकडे शहाळं नेऊ नका

कोकणात आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. परड्यातली दोन शहाळी, केळ्यांची फणी, मे महिना असला तर फणसाचे गरे. तापातून उठलेल्याला हे ठीक. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र यातलं काहीही महागात पडू शकतं, आणि कारण एकच: पोटॅशियम.

शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशीच्या पडद्यातले पंप सोडियमचे तीन आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत ओढतात. (डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी 1957 साली हा पंप उजेडात आणला, नोबेल मिळालं 1997 साली!) आत भरपूर, बाहेर जेमतेम, या तफावतीमुळे हृदयाच्या स्नायूपेशीत दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात उणे 90 मिलिव्होल्टच्या आसपास विभव, म्हणजे विजेचा दाब, टिकतं. रक्तातलं पोटॅशियम लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल हवं. ते खूप चढलं की तफावत घटते, विभव शून्याकडे सरकतं. मग एकदा मिटलेल्या सोडियमच्या वाटा पुढच्या ठोक्याला नीट उघडत नाहीत, संदेश रेंगाळतो आणि हृदय थांबूही शकतं. बऱ्याचदा आधी काही दुखतखुपतही नाही.

आता हिशेब. मोठ्या माणसाच्या शरीरात पेशींबाहेरचं सगळं पोटॅशियम मिळून जेमतेम अडीच ग्रॅम. 300 मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात 600 मिलिग्रॅमच्या आसपास. धडधाकट मूत्रपिंड ते काही तासांत बाहेर काढतं. इथे पुढच्या डायलिसिसची वाट बघावी लागते. ‘नैसर्गिक आहे, किडनी धुऊन निघते’ हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान इथेच जीव घेतं. दृष्ट काढायला नारळ उतरवायचा तर उतरवा, पण त्याचं पाणी त्याला पाजू नका.

कापल्यावर चांदणी दिसते ती आंबट करमळं (स्टारफ्रूट) तर घरातही नेऊ नयेत. त्यातलं विष निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. थांबत नाही अशी उचकी, भ्रम, फिट येते. न्यायचंच तर घरच्यांना विचारून सफरचंद न्या.

डायलिसिसच्या संध्याकाळी माणूस गळून गेलेला असतो, दुसऱ्या दिवशी जा. तुमच्यासाठी चहा ठेवला की त्यालाही अर्धा कप होतो, आणि त्याचं दिवसाचं पाणी मोजलेलं असतं: बहुधा जेवढी लघवी त्यावर अर्धा लिटर. तेव्हा चहाला नको म्हणा. आणि मायेनं हात धरताना फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेनं रक्तवाहिन्या जोडलेला) हात सोडून दुसरा धरा. फिस्टुला दाबला गेला तर आत रक्त गोठून सुई टोचायची वाटच बंद होते.