रस्त्याची रुंदी, वाहनाचा वेग आणि पादचाऱ्याचा जीव

एका सरळ रस्त्यावरून दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ३० किलोमीटर वेगाने आणि दुसरी ५० किलोमीटर वेगाने, आणि त्यांच्यापुढे १५ मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात उतरते, असे समजू. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटारीचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे मानले, तर पहिली मोटार साधारण १३ मीटरवर थांबते आणि मूल वाचते. दुसरी मोटार मात्र त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. तिचे ब्रेक लागतात तेव्हा मूल जेमतेम एका मीटरवर असते आणि धडक बसते ती ताशी ४८ किलोमीटरच्या वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५० च्या वेगातील ऊर्जा ३० च्या वेगातील ऊर्जेच्या पावणेतीन पटींहून थोडी अधिक भरते, आणि माणसाची हाडे, मेंदू व यकृत तो आघात सहसा सोसू शकत नाहीत.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक पाचवी व्यक्ती पायी चालणारी होती. अशा मृत्यूंची कारणे सांगताना चालकाचा बेदरकारपणा आणि पादचाऱ्याचे दुर्लक्ष यांकडे बोट दाखवले जाते. तो दोष खोटा नाही. पण माणूस चुकणारच हे गृहीत धरून, ती चूक जीवावर बेतणार नाही अशी रचना करणे हे रस्ता आखणाऱ्याचे काम आहे. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हेच तत्त्व राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले.

चालक वेग ठरवतो तो फलकाकडे पाहून नव्हे, तर समोर दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहून. मार्गिका साडेतीन मीटर रुंद असेल, कडेला मोकळी जागा असेल आणि नजर दूरवर पोहोचत असेल, तर ‘वेगमर्यादा ३०’ असे कितीही ठळक लिहिले तरी पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जातो. आपल्याकडील बसची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नसते, त्यामुळे शहरातील बहुतेक रस्त्यांवर तीन ते सव्वातीन मीटरची मार्गिका बसलाही पुरते आणि वाचलेली जागा पदपथाला देता येते. वळणावरही हेच भूमिती-शास्त्र लागू होते. कोपऱ्याची त्रिज्या १५ मीटर ठेवली तर मोटार ताशी २४ किलोमीटरच्या आसपास वेगाने सहज वळते, आणि ती ५ मीटर केली तर त्याच सहजतेने वळण्यासाठी वेग १४ पर्यंत उतरवावा लागतो. शिवाय कोपरा आवळला की रस्ता ओलांडण्याचे अंतरही घटते.

हे अंतर किती महत्त्वाचे असते ते वयस्कर माणसाच्या बाजूने पाहावे. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना १४ मीटरचा रस्ता ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ५० च्या वेगाने येणारे वाहन सुमारे २४० मीटर अंतर कापते. म्हणजे पाव किलोमीटर दूर असलेल्या, कदाचित चौकापलीकडून अजून दिसतही नसलेल्या वाहनाचा अंदाज बांधून त्यांनी पाऊल टाकायचे! मध्ये थांबायला दीड-दोन मीटरचा सुरक्षित दुभाजक असला की एका वेळी सातच मीटर आणि एकाच दिशेची वाहने पाहावी लागतात. जिथे रस्ता ओलांडण्याची पट्टी पदपथाच्याच उंचीवर उचललेली असते, तिथे तर पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही, वाहनालाच चढावे लागते आणि त्यामुळे त्याचा वेग आपोआप मोडतो.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे आणि पादचारी धोरण स्वीकारले आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना सुरू झाली. झाडे न तोडता पदपथ रुंद झाले, बसण्याच्या जागा आणि मुलांसाठी खेळणी आली, वाहने उभी करण्याच्या जागा आखून दिल्या गेल्या. यामागचा एक विचार वाहतूकशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एखादा रस्ता कुठे तीन तर कुठे चार मार्गिकांचा असेल, तर त्याची क्षमता सर्वांत अरुंद जागी आणि चौकात ठरते, आणि मधला फुगवटा केवळ बेशिस्तपणे वाहने उभी करण्याच्या कामी येतो. वाहनांचा पट्टा सर्वत्र सारख्या रुंदीचा केला की वाहतुकीचे काही न गमावता पदपथासाठी जागा मिळते.

नुसती रुंदी मात्र पुरत नाही. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळामुक्त वाट हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी पदपथ तोडला जातो आणि चालणाऱ्याला दर वीस-पंचवीस पावलांवर चढ-उतार करावा लागतो. गुडघे दुखणारी माणसे मग रस्त्यावरूनच चालतात, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्याला तर पर्यायच उरत नाही. पदपथ सलग ठेवून फाटकासमोर फक्त कडेला छोटा उतार देणे हा उपाय स्वस्त आहे, आणि माझ्या मते सर्व सुधारणांत सर्वप्रथम करण्याजोगा आहे.

सायकलमार्गांच्या बाबतीत पुण्याचा अनुभव निराशाजनक आहे. पदपथाच्याच पातळीवर रंगाने आखलेल्या मार्गावर माणसे चालणारच, कारण डोळ्यांना तो पदपथच दिसतो. आणि चालणाऱ्याचा वेग ताशी ४-५ किलोमीटर तर सायकलस्वाराचा १५ असल्याने दोघांचाही जीव टांगणीला लागतो. त्यातच वारंवार थांबण्याची किंमत सायकलस्वाराला स्वतःच्या स्नायूंनी मोजावी लागते. सायकलसह ८० किलो वजनाच्या स्वाराला शून्यावरून पुन्हा १५ च्या वेगाला येण्यासाठी सुमारे ७०० ज्यूल ऊर्जा लागते, आणि तेवढ्यात तो सपाट रस्त्यावर आणखी ६० ते ७० मीटर गेला असता. एका किलोमीटरमध्ये दहा ठिकाणी थांबावे लागले, तर त्याचे कष्ट दीडपटीहून अधिक वाढतात. म्हणूनच सायकलमार्गाला पदपथापासून आणि वाहनांपासून वेगळी पातळी, एका दिशेसाठी किमान दोन मीटर रुंदी आणि मुख्य म्हणजे चौकातही सलगता द्यावी लागते. आपले बहुतेक मार्ग नेमके चौकाच्या अलीकडेच संपतात, जिथे धोका सर्वांत अधिक असतो.

तीन मीटरच्या एका पट्ट्यातून मिश्र वाहतुकीत खासगी वाहनांनी तासाला ६०० ते १,६०० माणसे जातात, स्वतंत्र बसमार्गातून ४,००० ते ८,००० आणि तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून ९,००० पर्यंत, असे अमेरिकेतील शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचे आकडे सांगतात. बसचा प्रत्येक प्रवास पायीच सुरू होतो आणि पायीच संपतो, त्यामुळे नव्या बसगाड्या घेताना थांब्यापर्यंतच्या शेवटच्या तीनशे-चारशे मीटरचा पदपथही त्याच अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे.