जुन्या टर्मिनलवर मजकूर फक्त उड्या मारायचा?

‘अलगद सरकणारा मजकूर ग्राफिक्ससोबत आला, जुनी टर्मिनलं (मोठ्या संगणकाला जोडलेले पडदा आणि कीबोर्ड) ओळीओळीने उडी मारायची,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. पूर्ण खरं नाही.

१९७८च्या व्हीटी१०० या टर्मिनलमध्ये स्मूथ स्क्रोल, म्हणजे मजकूर अलगद सरकवण्याची सोय, होती. तिथे ठिपक्यांचं चित्र साठवलेलंच नसे. मजकुराची ओळ पडद्यावर अनेक बारीक आडव्या रेषांनी रंगवली जाई; ती कितव्या रेषेपासून रंगवायची, तो आकडा दर फ्रेमला, म्हणजे पडदा पुन्हा रंगवताना, एकने सरके. मला ही युक्ती फार आवडते.

एका ओळीला १० रेषा, सेकंदाला ६० फ्रेम. म्हणजे सेकंदाला जेमतेम ६ ओळी. वेग हवा असलेले लोक सोय बंद ठेवत. समज बहुधा त्यातूनच पसरला.

पडताळायचंय? चालू व्हीटी१०० मिळाल्यास संगणकाकडून त्याला एस्केप (Esc कळीचा कोड), डावा चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, ४, लहान एच (h) सलग पाठवा, म्हणजे स्मूथ स्क्रोल सुरू होईल. एचऐवजी लहान एल (l) पाठवल्यास पुन्हा उड्या. आजची बरीच टर्मिनल सॉफ्टवेअर या आदेशाकडे दुर्लक्ष करतात.