राष्ट्राध्यक्ष म्हणजे सर्वेसर्वा? तसं नाही

अध्यक्षीय पद्धतीत सगळी सत्ता एकाच्या हाती, संसदीय पद्धतीत पंतप्रधानाचे हात बांधलेले, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटंच असतं. अमेरिकेचा अध्यक्ष तिथली काँग्रेस, म्हणजे संसद, बरखास्त करू शकत नाही आणि तिजोरीच्या किल्ल्याही तिच्याकडेच. डिसेंबर २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागत अडून बसले. ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः ठप्प राहिलं, तरी काँग्रेसने तेवढी रक्कम दिली नाही. (मग आणीबाणी जाहीर करून त्यांनी दुसरीकडचा निधी वळवला, ती वेगळी भानगड.) ब्रिटनमध्ये मात्र भक्कम बहुमत असलेल्या पंतप्रधानाचा अर्थसंकल्प सहसा अडत नाही. अडते ती खुर्ची: १९९० मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर सार्वत्रिक निवडणूक न हरताच, स्वपक्षीयांमुळे पायउतार झाल्या.