तक्त्यात तळाला, मृत्यूत बरोबरीला: स्त्रियांच्या कॅन्सरची तालुकावार तुलना कशी करावी

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात एक तक्ता आहे. कुठल्या भागात दरवर्षी लाख स्त्रियांमागे किती जणींना नव्याने कॅन्सर आढळतो, याची त्यात उतरती क्रमवारी आहे. सगळ्यात वर अरुणाचल प्रदेशातला पापुमपारे जिल्हा, २१९.८. अगदी तळाला उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीड, ४९.४. फरक चौपटीहून जास्त. हा तक्ता पाहून मराठवाड्यातल्या बायका कॅन्सरपासून बऱ्याच सुरक्षित आहेत, असं कुणाच्याही मनात येईल.

आता दुसरा आकडा. नमुना नोंदणी पाहणीतल्या (निवडक वस्त्यांमधल्या जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) ६,६७१ लहान लहान वस्त्यांमध्ये २००१ ते २००३ या काळात झालेल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी झाली. त्यावरून २०१० सालासाठी काढलेला, ३० ते ६९ वयोगटातल्या स्त्रियांचा कॅन्सरचा वयप्रमाणित (म्हणजे वयोगटांतला फरक काढून टाकलेला) मृत्युदर असा: खेड्यात लाखामागे ९६.६, शहरात ९१.२. म्हणजे जवळपास सारखाच.

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिला निदान झालेल्या नव्या रुग्णांचा, दुसरा मृत्यूंचा. खेड्यात स्तनांचा कॅन्सर खरोखरच कमी असतो. पहिलं मूल लवकर होणं, जास्त मुलं, जास्त काळ अंगावर पाजणं ही त्याची ओळखीची कारणं. पण काही भाग निदानच न होण्याचा असतो. आणि ज्यांचं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणी दुखणं हाताबाहेर गेल्यावर दवाखान्यात पोचतात. म्हणून एखाद्या भागात बायकांचं काय चाललंय हे पाहायचं तर मृत्युदराकडे वळावं लागतं. अडचण अशी की जिल्ह्याच्या, त्याहून तालुक्याच्या पातळीवर हा दर काढणं फार निसरडं काम आहे.

पहिली गोष्ट वयाची. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावती माणसं मुंबईला, घर सांभाळायला मागे राहिलेल्या बायका, त्यांत वयस्कर पुष्कळ. उलट शहराला चिकटून वाढलेल्या तालुक्यात नुकती लग्नं झालेल्या मुलींचा भरणा. कॅन्सर हा प्रामुख्याने उतारवयातला आजार असल्याने नुसते मृत्यू भागिले लोकसंख्या केलं की म्हातारा तालुका हमखास बदनाम होतो.

एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. दोन तालुके, प्रत्येकी एक लाख स्त्रिया. ‘अ’ तालुक्यात ३० वर्षांखालच्या ४०,०००, आणि ३०–४४, ४५–५९, ६० च्या पुढच्या प्रत्येकी २०,०००. वर्षभरात कॅन्सरने मृत्यू याच क्रमाने १, ३, १४ आणि ३६. एकूण ५४. ‘ब’ तालुक्यात या गटांत ५५,०००, २५,०००, १३,००० आणि ७,००० स्त्रिया. मृत्यू २, ५, १३ आणि १४. एकूण ३४. कच्चा दर ५४ विरुद्ध ३४, म्हणजे ‘अ’ची परिस्थिती वाईट वाटते.

आता प्रत्येक गटाचा दर वेगळा काढा. ‘अ’चे दर लाखामागे २.५, १५, ७० आणि १८०. ‘ब’चे ३.६, २०, १०० आणि २००. एकूण एक गटात ‘ब’ वर आहे! शेवटची पायरी म्हणजे या दरांना एकाच ठरावीक लोकसंख्येचं वजन द्यायचं. जगभरातल्या कर्करोग नोंदण्यांमध्ये वापरली जाणारी जुनी ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ घेतली, तर या चार गटांची वजनं अनुक्रमे ५६, १८, १५ आणि ११ टक्के. गुणून बेरीज केली की ‘अ’चा वयप्रमाणित दर येतो ३४.४ आणि ‘ब’चा ४२.६. निकाल उलटा. म्हणून बातमीत किंवा अहवालात कॅन्सरचा दर दिसला, की तो कच्चा आहे की वयप्रमाणित हे आधी पाहावं. तसं लिहिलेलं नसेल तर तो आकडा तुलनेच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून त्रासदायक आहे: मृत्यूचं कारण कागदावर काय लिहिलं गेलं.

आपल्याकडे नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाव हिश्श्याला डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण असतं. २०२० मध्ये हे प्रमाण २२.५ टक्के होतं. आणि जिथे प्रमाणपत्र असतं, तिथेही ते कसं भरलंय यावर सगळं अवलंबून. दवाखान्यातल्या मृत्यूसाठीच्या त्या फॉर्ममध्ये पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत थेट मृत्यूला कारण ठरलेली स्थिती, तिच्याखाली ती कशामुळे झाली ते, आणि सगळ्यात खाली मूळ आजार. दुसऱ्या भागात मधुमेहासारखे हातभार लावणारे आजार. गर्भाशयमुखाचा कॅन्सर पसरला की तो मूत्रपिंडातून येणाऱ्या नळ्या दाबतो, लघवी तुंबते, मूत्रपिंडं निकामी होतात. तेव्हा नीट भरलेला फॉर्म असा दिसेल: वर ‘युरेमिया’ (मूत्रपिंडं निकामी झाल्याने रक्तात विषारी द्रव्यं साचणं), मध्ये ‘मूत्रवाहिन्यांना अडथळा’, खाली ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’. संकेतांक देणारा कारकून खालची ओळ उचलतो, आणि मृत्यू कॅन्सरच्या खात्यात जातो. पण रात्रपाळीच्या डॉक्टरने घाईत वरचीच ओळ भरली, तर तीच बाई मूत्रपिंडाच्या आजाराने गेली असं होतं. आणि ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ एवढंच लिहिलं, तर काहीच कळत नाही. क्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते.

बायकांच्या कॅन्सरमध्ये आणखी एक खास गुंता आहे. गावात विचारलं तर उत्तर येतं, ‘पिशवीचा कॅन्सर होता.’ पिशवी म्हणजे गर्भाशयाचं मुख, की गर्भाशय, की अंडाशय? आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यांचे संकेतांक वेगळे आहेत: गर्भाशयमुख सी ५३, गर्भाशयाचा मुख्य भाग सी ५४, अंडाशय सी ५६. मध्ये सी ५५ आहे, ‘गर्भाशय, नेमकी जागा नमूद नाही’. कागदपत्रं ढिसाळ असलेल्या तालुक्यात हा सी ५५ फुगतो आणि सी ५३ आक्रसतो. म्हणजे जिथे कारभार सैल, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी दिसणार! तुलना करणाऱ्याने आधी सी ५५ चं प्रमाण पाहावं. ते मोठं असेल तर त्यातले मृत्यू वयानुसार सी ५३ आणि सी ५४ मध्ये वाटून घ्यावेत किंवा तिन्ही एकत्र धरावेत.

घरोघरच्या चौकशीत हाच गुंता प्रश्नांनी सोडवायचा असतो. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात होतं का? संबंधानंतर रक्त दिसायचं का? पोट फुगून पाणी भरलं होतं का? छातीत गाठ किंवा जखम होती का? घरात केसपेपर असतील तर ते पाहायचे. मग दोन डॉक्टर एकमेकांचं उत्तर न पाहता कारण ठरवतात, आणि जुळलं नाही तर पुन्हा तपासलं जातं. प्रश्न सासऱ्याला विचारले की सुनेला, यानेही उत्तर बदलतं, हे वेगळं सांगायला नको.

पत्त्याचं काय? मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. परळच्या टाटा रुग्णालयात लांबलांबचे रुग्ण येतात, महिनोन्‌महिने धर्मशाळेत किंवा नातलगाच्या खोलीत राहतात. मृत्यू मुंबईच्या आकड्यात धरला तर मुंबई उगाच वाईट आणि गाव उगाच चांगलं ठरतं. कर्करोग नोंदणीत म्हणून नियम असतो: त्या भागात किमान एक वर्ष राहणारी व्यक्तीच तिथली. तरी आजारपणात माहेरी नेलेली बाई, सहा महिने कारखान्यावर असलेली ऊसतोड कामगार, आणि एका कागदावर माहेरचं नाव तर दुसऱ्यावर सासरचं, यामुळे काही जणी निसटतात, काही दोनदा मोजल्या जातात. हे टाळायचं तर माणसांनीच हिंडावं लागतं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने तोच मार्ग धरला. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत कर्मचारी जातात, लोकांशी बोलतात, कुणाला लक्षणं आहेत आणि कोण वारलं हे विचारतात.

भागाकारात खालचा आकडाही चुकू शकतो. २०११ नंतरची लोकसंख्या अंदाजाने वाढवलेली आहे, आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला तशा सीमा बदलल्या की जुने-नवे दर जुळत नाहीत. बीडमध्ये तर आणखी एक पेच आहे. २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. गर्भाशयाबरोबर मुखही काढलं असेल तर त्या बाईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायची शक्यता जवळपास उरत नाही. तरी भागाकारात ती मोजली जाते आणि दर आपोआप खाली येतो.

राहिला योगायोग. समजा, राज्याचे दर लावले तर एका तालुक्यात वर्षाला १२ मृत्यू अपेक्षित होते आणि झाले १८. दीडपट! पण १८ या आकड्याच्या ९५ टक्के खात्रीच्या मर्यादा, म्हणजे योगायोग धरता खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा ती दोन टोकं, साधारण १०.७ ते २८.४ अशी येतात. अपेक्षित १२ ने भागलं तर गुणोत्तर ०.८९ ते २.३७. त्यात १ सहज बसतो, त्यामुळे ‘जास्त’ म्हणता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. सगळीकडे धोका अगदी सारखा असता, तरी याच कसोटीवर निव्वळ योगायोगाने १८ च्या आसपास तालुके ‘वेगळे’ दिसले असते. क्रमवारीच्या दोन्ही टोकांना बहुधा कमी लोकसंख्येचे तालुके का असतात, त्याचं कारण हेच. उपाय साधे आहेत: पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करायचे, शेजारचे तालुके जोडायचे, आणि लाल-हिरव्या रंगाचा नकाशा काढण्याआधी प्रत्येक दरापुढे त्याच्या मर्यादा लिहायच्या.

एवढी झाडझूड केल्यावर जे उरतं ते बोलकं असतं. आता पुन्हा तक्त्याच्या तळाशी असलेल्या उस्मानाबादकडे वळू. याच जिल्ह्यात १९९९ पासून गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटाची एकदाच एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), तिसऱ्याची व्हिनेगर म्हणजे सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची तपासणी केली नाही. या चौथ्या गटावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

आठ वर्षांचे निकाल २००९ मध्ये आले. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मृत्युदर वर्षाला लाखामागे २५.८ होता; पॅप चाचणीच्या गटात २१.५, ॲसिटिक आम्लाच्या गटात २०.९. हे दोन्ही दर तपासणी न झालेल्या गटाच्या दरापेक्षा ठामपणे वेगळे म्हणता येत नाहीत. एचपीव्ही तपासणीच्या गटात मात्र तो १२.७ होता.

एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाचे एकूण कॅन्सर किती सापडले? ३४,१२६ जणींमध्ये १२७. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींमध्ये ११८. नव्या रुग्णांच्या तक्त्यात दोन्ही गट शेजारी शेजारीच बसले असते. पण पुढच्या टप्प्यात पोचलेले कॅन्सर एकीकडे ३९ आणि दुसरीकडे ८२, आणि मृत्यू ३४ विरुद्ध ६४.