परसदारापासून घंटागाडीपर्यंत : कोकणातील घरगुती काटकसरीची पार्श्वभूमी

ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा, सांडपाणी झाडांना द्यावे, प्लास्टिक टाळावे, अशा सूचना आज ग्रामपंचायतींच्या फलकांवर दिसतात. कोकण किनारपट्टीवरील घरांत दोन पिढ्यांपूर्वी यातील बहुतेक गोष्टी रोजच्या कामाचा भाग होत्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होत, घाटवाटा अवघड होत, आणि आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, घरात जे भरून ठेवले असेल त्यावर चार महिने काढावे लागत. आमसुले, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, सुकी मासळी, फणसपोळी आणि तांबड्या मातीत घोळून टोपलीत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या ही सारी त्या बेगमीचीच रूपे होत.

या काटकसरीची रीत समजून घ्यायची तर माडाच्या एका झावळीची वाटचाल पाहावी. गळून पडलेली झावळ मधोमध चिरून पाण्यात भिजत घालीत आणि मऊ झाल्यावर तिचे झाप विणीत. मातीच्या भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून हे झाप पडवीच्या बाहेरच्या अंगाला बांधले जात. ज्या झावळ्या विणायच्या नसत, त्यांची पाती सोलून हीर काढीत आणि हिरांचा खराटा बांधीत. देठाचा जाड भाग वाळून चुलीत जाई. चुलीतली राख आणि नारळाचे सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, यांनी भांडी घासली जात, उरलेली राख अळू-भाजीवर पडे किंवा गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, जाई. पावसाळा संपल्यावर सोडलेले जुने झाप शेवटी जळणात किंवा भाताच्या रोपांसाठी भाजायच्या राबात जात. एका झावळीला असे चार-पाच उपयोग होते आणि ते घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असत.

पाण्याची गोष्ट अधिक कठीण होती आणि आजही आहे. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तरीही जांभ्याच्या सच्छिद्र थरातून पाणी झिरपून जाते, तीव्र उतारावरून ते काही तासांत खाडीला मिळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. म्हणून न्हाणीघराचे पाणी चर काढून माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलेले असे आणि मोरीच्या तोंडाशी अळू लावलेले असे. पावसाळा ओसरल्यावर गावकरी पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, दगड, माती आणि झाडांचा पाला घालून कच्चा बंधारा बांधीत, त्यामुळे खालच्या विहिरींना काही आठवडे पाणी टिके. आजचे वनराई बंधारे त्याच कल्पनेवर उभे आहेत. फरक इतकाच की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ते रचले जातात.

या जुन्या घराचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये, असे मला मनापासून वाटते. ही व्यवस्था मुख्यतः बायकांच्या श्रमावर चालत होती. पाणी डोक्यावरून वाहायचे, ओल्या लाकडांच्या धुरात स्वयंपाक करायचा, अंगण सारवायचे आणि राखेने भांडी घासायची, यांत त्यांचा दिवस जाई. त्यामुळे नळ, गॅस आणि भांड्यांचा साबण आल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास घेतला असेल, तर त्यात वावगे काहीच नाही. या दोन्ही बाजू सांभाळणारा एक प्रयत्न गोबरगॅसच्या रूपाने झाला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकापासून त्याचा प्रसार केला आणि १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. गोठा घराशेजारी असलेल्या कोकणातील कुटुंबांना तो सोयीचा होता, कारण पावसात कोरडे जळण मिळण्याची चिंता मिटे आणि संयंत्रातून निघालेली मळी थेट माडांना देता येई. पुढे तरुण मुंबईला गेले, गोठे रिकामे झाले आणि अनेक संयंत्रे शेणाअभावी बंद पडली.

बाहेरचा माल मात्र वाढतच गेला. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, चाकरमान्यांचे येणे-जाणे सोपे झाले, आणि पुड्या, बाटल्या, थर्माकोलची मखरे वाडीपर्यंत पोहोचली. झापांच्या जागी प्लास्टिकचे कागद आले, बांबू आणि पानांच्या इरल्याच्या जागी प्लास्टिकची खोळ आली. गणपतीवर टांगलेल्या माटवीतली, म्हणजे लाकडी चौकटीतली, कवंडळे आणि कांगण्या ही रानफळे व आंब्याचे टाळ विसर्जनानंतर मातीत जात. थर्माकोलच्या मखराला गायरीत जागा नव्हती. परसदाराची जुनी रीत कुजणाऱ्या आणि जळणाऱ्या वस्तूंसाठी होती, त्यामुळे नव्या कचऱ्यालाही लोकांनी जुन्याच दोन वाटा दाखवल्या आणि प्लास्टिक माडाच्या बुंध्याशी पुरले किंवा न्हाणीच्या चुलीत जाळले.

सरकारी पावले यानंतरची आहेत. २००० पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावांत स्पर्धेचे वातावरण आणले. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईतील गटारे तुंबण्याला प्लास्टिकच्या पिशव्यांनी हातभार लावल्याचे दिसल्यावर राज्यात निर्बंध कडक झाले. २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सिंधुदुर्ग हा मैदानी भागातील सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला, आणि वेंगुर्ले नगरपरिषदेचे कचरा वर्गीकरण पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, तर एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. त्यानंतर पोफळीच्या विरीपासून, म्हणजे झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणापासून, दाबून केलेल्या ताटल्यांना, ज्या विऱ्या पूर्वी बागेत जळणासाठी गोळा करीत, शहरांत गिऱ्हाईक मिळू लागले.

कोकणातील घरे मात्र आजही वाड्यांतून विखुरलेली आहेत. घंटागाडी येते ती डांबरी रस्त्यापर्यंत, आणि तिथून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली गेल्यावर वाडी लागते. ज्या घरात दोनच म्हातारी माणसे उरली आहेत, तिथे दूध-तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन पडवीतल्या खुंटीला लटकवलेल्या असतात, गणपतीला मुलगा येऊन त्या वर नेईपर्यंत.