हरण्या रोगाचा माग काढणारी माझी आजी

माझी आजी वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होती आणि तिच्या नोकरीचा बहुतेक काळ रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागांमध्ये गेला. तिच्याविषयी लिहायचे म्हणजे तिने आयुष्यभर ज्या रोगाचा माग काढला त्याविषयी लिहिणे आले, कारण ती स्वतःबद्दल फारसे बोलत नसे. हरण्या रोगाबद्दल मात्र पुढ्यातले भरीत थंड होईपर्यंत बोले.

खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात, तो केळीवरचा रोग कुकुंबर मोझॅक या विषाणूमुळे होतो. १९१६ मध्ये अमेरिकेत काकडीवर त्याची नोंद झाली, म्हणून काकडीचे नाव त्याला चिकटले. प्रत्यक्षात हा विषाणू हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींमध्ये शिरू शकतो. त्याच्या कणाचा व्यास सुमारे २९ नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्य नाही. आजी त्याचा पहिला अंदाज पानावरून घेई. कोवळे पान उन्हाकडे धरून ती शिरांना समांतर गेलेले फिकट पिवळे पट्टे शोधी, पानाची कड बोटांनी चाचपून ती आखडली आहे का हे पाही आणि मग पोंग्यात, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानात, कूज शिरली आहे का ते तपासी. शंका उरली, तर नमुना विषाणू ओळखणाऱ्या एलायझा चाचणीसाठी प्रयोगशाळेत जाई.

जळगावकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक केळीच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तर तीन संच असतात, एकूण ३३. त्यामुळे फळात बी धरत नाही आणि नवी बाग जुन्या झाडाच्या कंदापासून किंवा मुनव्यांपासून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांपासून, उभी राहते. मातृवृक्ष रोगट असेल, तर विषाणू मुनव्यांतही उतरतो. ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली, रोपे तपासून विषाणूमुक्त देता येतात, पण ती रोगप्रतिकारक नसतात. उलट त्यांची कोवळी पाने माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीला, लवकर बळी पडतात, हे आजी प्रत्येक बागायतदाराला बजावून सांगे.

खरी अडचण माव्याची. एका शिवारात एक शेतकरी काकुळतीने म्हणाले होते, "बाई, दोनदा फवारलं, तरी हरण्या हटत नाही." आजी म्हणाली, "दादा, मावा मरतो, पण मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. बांधावरचे ते काकडीचे वेल कोणाचे?" तिच्या या प्रश्नामागे माव्याचे वागणे होते. मावा नव्या झाडावर उतरला की ते आपल्या उपयोगाचे आहे का हे पाहण्यासाठी सोंड टोचून क्षणभर चव घेतो. रोगट झाडावर घेतलेल्या अशा चवीत विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो आणि पुढच्या झाडात तितक्याच थोड्या वेळात, काही सेकंदांत किंवा मिनिटांत, उतरतो. कीटकनाशकाचा परिणाम व्हायला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय केळीवर न राहणारा, नुसता चव घेऊन उडून जाणारा मावाही रोग पसरवतो. म्हणून आजीची पाहणी नेहमी बांधापासून सुरू होई: काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो आणि तण, जिथे जिथे विषाणू तग धरून राहू शकतो ते सगळे तिच्या वहीत आधी येई आणि केळीची पाने नंतर. केळीत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका, हा तिचा आग्रह यातूनच आला होता, आणि तो मला आजही पूर्णपणे योग्य वाटतो.

या रोगावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करणे आणि तेही शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून, एकाच वेळी करणे, एवढाच उपाय उरतो. पोटच्या लेकरासारखे वाढवलेले, निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेले झाड काढायला सांगताना आजीचा आवाज मऊ होई, पण सल्ला बदलत नसे. नुसते खोड कापून काम झाले असे ती कधीही मानत नसे. कंद पूर्ण खणून निघेपर्यंत ती तिथेच उभी राही, कारण जमिनीत राहिलेल्या तुकड्याला मुनवे फुटतात आणि त्यांच्यावर पुन्हा तेच पिवळे पट्टे येतात.