लाल स्टिकर लागलेल्या आया आणि त्यांचं दूध

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत ज्या गर्भवतीला धोका दिसतो, तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. २०१६ पासूनची ही पद्धत. बीपी वाढलेलं, साखर, जुळं, रक्त कमी, आधीचं सिझेरियन. तिथून पुढे सगळ्यांचं लक्ष दोन जिवांवर, आणि ते योग्यच. पण बाळाला अंगावर पाजायचं तिच्या मनात आहे का, हे विचारायचं राहून जातं. दुधाचं बाळंतपणानंतर बघू, असं ठरलेलंच असतं.

ही सवय जुनी आहे. बाळंतपणं दवाखान्यात आली, तशी जंतुसंसर्गाच्या भीतीने नाजूक बाळं नर्सरीत आणि आया वॉर्डात, अशी ताटातूट शिस्त म्हणून रुजली. बाळ ओढत नाही, दूध काढूनही घेतलं जात नाही, मग पान्हा आटतो आणि बाळाला डब्याचं दूध सुरू होतं. वर 'हिला दूधच नाही' हा शिक्का बाईच्याच माथी. पाजायची पक्की इच्छा असलेल्या बायकांवर हा उघड अन्याय होता.

तो मोडायचं मोठं काम मुंबईत, धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात झालं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे कमी दिवसांच्या बाळांसाठी आईच्या दुधाचा आग्रह धरला आणि आयांना बाळांच्या देखभालीत सामील करून घेतलं. १९८९ मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. दात्या आईने हाताने काढलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवायचं. ज्या बाळाची आई अजून आयसीयूत आहे, त्याला ते नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. आईचं स्वतःचं दूध येईपर्यंत डबा उघडावा लागत नाही, ही यातली खरी कमाई.

कायदाही मागोमाग आला. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये डब्याच्या दुधाच्या जाहिरातींबाबत संहिता मंजूर केली होती. भारताने १९९२ मध्ये स्वतःचा कायदा केला. स्तनपानासाठी देशभर काम करणारं बीपीएनआय हे जाळं १९९१ मध्ये वर्ध्यात जन्मलं.

मधुमेही आयांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. जन्मानंतर बाळाची साखर एकदम उतरू शकते आणि आईला दूध उतरायला उशीर लागतो. त्या फटीतच वरचं दूध शिरतं. ऑस्ट्रेलियात यावर एक उपाय तपासला गेला: ३६व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा हाताने चीक काढून सिरिंजमध्ये साठवायचा. मधुमेहाखेरीज दुसरी गुंतागुंत नसलेल्या बायकांत त्याने बाळाला अपाय होत नाही, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दिसलं. जुळं, वार खाली असणं किंवा अपुऱ्या दिवसांच्या कळांची भीती असलेल्यांनी मात्र हे आपल्या मनाने करू नये.

त्याच वर्षी केंद्राने दुग्धपेढ्या आणि स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान दवाखान्यातली बाळंतपणं ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेली, सिझेरियन १७.२ वरून २१.५ वर, आणि जन्मानंतर तासाभरात छातीशी घेतलेल्या बाळांचं प्रमाण ४१.६ वरून जेमतेम ४१.८ झालं.